मुठीच्या आत किती पातं?

लोक मला चाकू दाखवतात आणि विचारतात, "आउटडोअरला चालेल ना?" तुमचं आउटडोअर म्हणजे नेमकं काय, असं उलट विचारलं की प्रत्येकाचं वेगळंच निघतं. गुरुग्रामच्या एका सोसायटीतल्या बाईंचं आउटडोअर म्हणजे क्लब हाउसमागच्या हिरवळीवर कलिंगड कापणं होतं. नोएडातल्या एका तरुणाचं आउटडोअर म्हणजे बिबट्या. "आला तर?" असं त्याने मला खरोखर विचारलं. मी म्हटलं, आला तर चाकू दाखवत बसू नका, त्याला काही वाटणार नाही. आणखी एका आईला मुलाच्या कॅम्पसाठी चाकू हवा होता. "धारदार भी हो मॅडम, पर लगे नहीं." असा चाकू एकतीस वर्षांच्या नोकरीत मी पाहिला नाही, दिसला तर कळवीन, असं मी चिडून म्हटलं. त्यांनी लगेच आपला नंबर लिहून दिला.

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहा, असा संपादकांचा फोन आला तेव्हा मी विचारलं, कशावर? ते म्हणाले, तुमच्या कामावर, पण सणाला शोभेल असं काहीतरी. माझं काम हत्यारं ठोकून बघण्याचं. ते सणाला कसं शोभवायचं हे मला माहीत नाही, तेव्हा आहे तसं लिहिते.

दिल्लीतल्या एका सरकारी तपासणी प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी गेली. पाने, हातोड्या, पक्कडी, कुदळी, कोयते, चाकू, असं सरकार जे जे हातहत्यार घाऊक विकत घेतं, त्याचा नमुना आमच्या टेबलावर यायचा. घ्यावा की घेऊ नये, ते आम्ही लिहून द्यायचं आणि खाली सही करायची. निवृत्तीनंतर आम्ही सरकारी क्वार्टर सोडून नोएडात आलो आणि मंडळाच्या गणपतीत मला केदार भेटला. पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलेला, आजोबांपासून दिल्लीत असलेला, पस्तिशीचा मुलगा. तो ज्या कंपनीत खरेदी बघतो ती तंबू, स्लीपिंग बॅगा, टॉर्च, चाकू असा भटकंतीचा माल इंटरनेटवर विकते. "काकू, तुम्ही तर एकदम एक्सपर्ट निघालात यार," तो म्हणाला. "आमच्याकडे या ना. आठवड्यातून दोन दिवस. बस, बघायचं आणि सही करायची."

"बस, बघायचं" हे त्याने किती सहज म्हटलं, ते मला अजून आठवतं.

आता थोडं कामाबद्दल. बाहेर वापरायला जो चाकू लागतो तो शक्यतो मिटणारा नसावा. पातं मुठीत कायमचं बसवलेला असावा, कारण बिजागरी म्हटली की ती कधी ना कधी ढिली होते. पात्याचं पोलाद तापवून एकदम गार करतात, त्याला पाणी देणं म्हणतात. पाणी जास्त झालं की पातं तडकतं, कमी झालं की वाकतं आणि वाकलेलंच राहतं. ते बघायला आमच्याकडे यंत्र होतं. हिऱ्याचं टोक ठराविक दाबाने पात्यात रुतवायचं आणि खळगा किती खोल गेला ते मोजायचं. धार बघायला जाड दोर कापायचा, वाळकं लाकूड तासायचं, पुन्हा दोर कापायचा. म्यान उलटं धरून झटकायचं, चाकू पडला तर म्यान फुकट. हाताला साबण लावून मूठ धरायची, कारण जंगलात हात कोरडे नसतात.

हे सगळं महत्त्वाचं आहे, पण स्वस्त चाकू बहुतेक वेळा इथे नापास होत नाहीत. ते नापास होतात जे दिसत नाही तिथे. पात्याचा एक भाग मुठीच्या आत जातो. इंग्रजीत त्याला टँग म्हणतात, मी शेपूट म्हणते. शेपूट मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं असेल तर मूठ आणि पातं एकजीव असतात, कितीही जोर लावा. बोटाच्या पेरापुरतंच असेल तर टोमॅटो कापायला हरकत नाही, पण फांदीवर घाव घातला की सगळा जोर त्या एका जागी येतो.

हे मी केदारला पहिल्याच दिवशी समजावलं. म्हटलं, "विळी आठव. तिचं पातं पाटाच्या लाकडात नुसतं टेकवलेलं असतं का? खोल ठोकून बसवलेलं असतं, म्हणून आपण त्याच्यावर नारळसुद्धा खवतो."

"विळी म्हणजे?"

"अरे, खाली बसून भाजी चिरतात ती."

"अच्छा, ते आजीचं डेंजर वालं!" तो म्हणाला, आणि फोन आला म्हणून उठून गेला. शेपटाबद्दलचं माझं व्याख्यान तिथेच संपलं.

त्यानंतरची दोन वर्षं मी त्या ऑफिसात डोकं आपटत काढली. लोक चाकू फोटो बघून घेतात, त्यामुळे कंपनीही फोटो बघूनच घेते. पात्याच्या पाठीवर करवतीचे दाते हवेत. त्या दात्यांनी काही कापलं जात नाही, फक्त म्यान फाटतं. रंग काळा हवा. एकदा एक चाकू आला, त्याच्या मुठीच्या टोकाला होकायंत्र होतं. टोपण फिरवलं की आत पोकळी, आणि तिच्यात काड्या, मासे धरायचा गळ, सुईदोरा. सगळं ऑफिस गोळा झालं, वा वा झाली. मी विचारलं, "मुठीच्या आत एवढा संसार मांडलाय, मग पात्याने बसायचं कुठे?" कोणी उत्तर दिलं नाही. मी तो चाकू शिकंज्यात धरून हाताने दाबला आणि तो मोडला. होकायंत्र मात्र त्यानंतरही उत्तर बरोबर दाखवत होतं. तो चाकू आम्ही घेतला नाही, तर दुसऱ्या एका कंपनीने घेतला, आणि केदारने मला त्याची विक्री कशी धो धो चाललीय ते महिनाभर रोज ऐकवलं.

याउलट एक चाकू होता, हरियाणातल्या एका छोट्या कारखान्याचा. साधं कार्बनचं पोलाद, न पुसता ठेवलं तर गंज धरणारं. मूठ शिसवीची, तीही ओबडधोबड, दोन रिबिटी मारलेल्या. शेपूट मुठीच्या टोकाला चक्क बाहेर दिसत होतं. किंमत सगळ्यांत कमी. मी त्याला वाकवलं, ठोकलं, त्याच्या पाठीवर लाकडी दांडक्याने घाव घालून ओंडके फोडले. काही झालं नाही. मी एवढी खूश होऊन रिपोर्ट लिहिला, आणि केदार म्हणाला, "काकू, चाकू बिल्कुल ठीक आहे, पण बदसूरत आहे ना. फोटोत भंगार दिसतो." दोन डझन मागवले होते, ते कपाटात पडून राहिले. स्वस्त म्हणजे वाईट, असं माझं म्हणणं कधीच नव्हतं. स्वस्तात चांगला चाकू होतो. फक्त त्याचे पैसे पोलादावर खर्च झालेले असतात, दिसण्यावर नाही, आणि हे मी कोणालाही पटवू शकलेले नाही.

मी एवढी चिडते का, असं माझे यजमान विचारतात. त्याचं कारण नोएडाचं नाही, जुनं आहे, आणि ते मी कुठे लिहिलेलं नाही.

प्रयोगशाळेत असताना डोंगरी भागातल्या वनविभागासाठी चाकूंची खरेदी निघाली. बीटवर फिरणाऱ्या वनरक्षकांसाठी. नमुने माझ्या टेबलावर आले. लांबी बरोबर, जाडी बरोबर, पात्याचा कडकपणा तीन ठिकाणी मोजला, तिन्ही ठिकाणी उत्तम. मूठ काळ्या रबराची, घट्ट, बंद. माझी एक सवय होती. पातं जाड कापडात धरून मी मूठ टेबलाच्या कडेवर ठोकत असे. शेपूट पुरतं असेल तर आवाज खणखणीत येतो. हा चाकू बद्द वाजला. मी पुन्हा ठोकला, पुन्हा बद्द.

मूठ कापून बघितली असती तर दोन मिनिटांचं काम होतं. पण आमच्याकडे रिवाज असा, की मोडून बघा असं कागदावर लिहिलेलं नसेल तर नमुना मोडायचा नाही. तपासून झाला की तो जसाच्या तसा पुरवठादाराला परत जायचा, आणि मोजणीच्या खळग्यांपलीकडे एक ओरखडा दिसला तरी पत्रापत्री व्हायची. त्यामुळे आम्ही लोक नमुने असे सांभाळायचो की जणू ते वापरायचेच नाहीत. मी साहेबांकडे गेले. म्हटलं, आवाज बरोबर नाही. ते वाईट नव्हते, कंटाळलेले होते. म्हणाले, "साळवे मॅडम, क्लॉज दिखाइए." आवाजाचं कलम कुठेच नव्हतं. कलमं होती सात, आणि साती कलमांत चाकू पास होता.

मी सही केली. मी तेव्हा नवी नव्हते, मला कोणी धमकावलं नव्हतं. मी वर लिहून नमुना कापायची परवानगी मागू शकले असते. आठवडा गेला असता, साहेबांची बोलणी खावी लागली असती, एवढंच. मी ते केलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात एक माणूस आमच्या कॉरिडॉरमधल्या बाकावर बसलेला दिसला. लोकरीची टोपी, खाकी स्वेटर, उजव्या हाताला पट्टी. नाव दीवान सिंह, वनरक्षक. हाताच्या उपचारासाठी त्याला दिल्लीला पाठवलं होतं, आणि त्याच्या ऑफिसने सांगितलं होतं, जातोच आहेस तर मोडलेला चाकू तपासणीवाल्यांकडे जमा कर आणि पावती आण. वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन तुकडे त्याने डाव्या हाताने माझ्या टेबलावर ठेवले.

"मैडम जी, मुझसे टूट गया," तो म्हणाला.

मी विचारलं, काय करत होतात?

"कुछ नहीं जी, रास्ते की झाड़ी काट रहा था. ज़ोर ज़्यादा लग गया होगा."

मूठ हातात राहिली होती आणि पातं उलटं फिरून तळव्यात घुसलं होतं. दोन बोटं आता मिटत नव्हती. मिटतील असं डॉक्टरांनी म्हटलं नव्हतं. ती त्याने मला दाखवली, तक्रार म्हणून नाही, मी विचारलं म्हणून. मग टेबलावरच्या फायलीकडे बघत तो म्हणाला, "आप ही के यहाँ से पास हुआ था न? तो चीज़ तो ठीक ही रही होगी. गलती मेरी ही है."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी पावती लिहिली. चाकू एक, मोडलेला, मिळाला. खाली सही केली, आणि ती सही करताना माझ्या लक्षात आलं की हीच सही चाकू पास केल्याच्या कागदावरही आहे. त्याने पावती नीट घडी घालून खिशात ठेवली, डाव्या हाताने, फार वेळ लागला. नमस्कार करून तो गेला. चूक तुमची नाही, माझी आहे, हे मी त्याला सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर माझ्या नोकरीचं काही बिघडलं नसतं. मला लाज वाटली, एवढंच कारण होतं.

तो गेल्यावर मी करवत आणून मूठ उभी कापली. आत शेपूट होतं करंगळीच्या दोन पेरांएवढं. बाकी सगळा डिंक आणि भुसा. मी नोट लिहिली, मग दुसरी लिहिली, मग तिसरी. पुष्कळ दिवसांनी कागदात आठवं कलम आलं: मूठ घट्ट असावी. मूठ घट्टच होती हो! तो बिचारा घट्ट मूठ धरूनच दवाखान्यात गेला होता. मी ते कलम वाचून फाइल इतक्या जोरात आपटली की शिपाई आत आला.

आता परत नोएडा. गेल्या हिवाळ्याआधीची गोष्ट. केदारने एक चाकू माझ्यासमोर ठेवला आणि अभिमानाने म्हणाला, "काकू, आता तुम्ही खूश होणार. ना होकायंत्र, ना दाते. तुमच्या टाइपचा सोबर पीस." खरंच देखणा होता. पातं दोन्ही बाजूंनी सारखं घासलेलं, कडकपणा हवा तेवढा, दोर कापून झाल्यावरही धार टिकलेली. मूठ काळ्या रबराची, बंद. एका कॅम्पवाल्यांनी त्यांच्या प्रशिक्षकांसाठी साठ मागितले होते, रविवारी कॅम्प निघणार होता, माल शहराबाहेरच्या गोदामात येऊन पडला होता. फक्त माझा रिपोर्ट हवा होता.

मी पातं कापडात धरून मूठ टेबलावर ठोकली. बद्द.

"केदार, मूठ कापावी लागेल."

"नको नको! संध्याकाळी याचंच फोटोशूट आहे. हा एकच पीस आहे इथे. तोडू नका, प्लीज."

"आवाज बरोबर नाही."

"काकू, आवाजावरून?" तो हसला. "रिपोर्टमध्ये आवाजाचा कॉलमच नाहीये यार."

माझ्या डोक्यात काय झालं ते सांगता येत नाही. वीस वर्षांत माणसं बदलली, इमारत बदलली, खुर्च्यांना चाकं आली, आणि उत्तर तेच. मी त्याच्यावर ओरडणार होते. पण इतका संताप झाला की शब्दच येईनात. मी लॅपटॉपकडे बघत नुसती बसले. गप्प बसलेली मी त्याने पहिल्यांदाच पाहिली असावी. वातावरण हलकं करायला तो दुसरंच काहीतरी बोलू लागला.

"आणि हो काकू, रविवारी मीपण चाललोय. दिशाच्या शाळेचाच कॅम्प आहे ना हा. पेरेंट व्हॉलंटिअर." दिशा त्याची दहा वर्षांची मुलगी. "तंबूच्या खुंट्या वगैरे तासायला लागतील. तो बदसूरत वाला एक द्या ना कपाटातून. तो घेऊन जाईन."

मी वर बघितलं. "हा का नाही नेत? सोबर आहे."

"नाही, म्हणजे, तो तुम्ही एवढा ठोकून बघितलाय ना, तर..." त्याने टेबलावरच्या चाकूकडे बघितलं. बोलण्यासारखं त्यानेच बोलून टाकलं होतं. दिशाच्या आजूबाजूला साठ माणसं हा चाकू चालवणार होती, आणि तिच्या बापाला स्वतःसाठी दुसरा हवा होता.

तो उठला आणि इमारतीच्या देखभालवाल्यांकडून करवत घेऊन आला. "मी कापतो," म्हणाला. त्याला करवत धरता येत नव्हती, मी शिकंजा आवळून दिला. रबर फाटलं, आत पांढरा भुसभुशीत मसाला निघाला, आणि मग शेपूट. त्याने त्याच्या शेजारी आपली करंगळी धरून बघितली. मी न सांगताच. "शिट," तो म्हणाला, आणि मग, "सॉरी काकू."

साठ चाकू परत गेले. कपाटातले दोन डझन बदसूरत चाकू, आणि त्याच कारखान्याकडून धावतपळत आणलेले बाकीचे, कॅम्पवर गेले. कॅम्पवाल्यांनी आधी कुरकुर केली, की वेबसाइटवरच्या फोटोसारखे नाहीत. त्यांच्यावर मी केदारला सोडलं. फोनवर तो पंधरा मिनिटं शेपटाबद्दल बोलत होता, आणि त्यात एकदा विळीही आली.

राहिला रिपोर्ट. तो केदारनेच बनवलेला तक्ता होता. एका रकान्यात तपासणी, दुसऱ्यात निकाल, तिसऱ्यात ती कोणत्या मानकाप्रमाणे केली त्याचं नाव. पहिल्यात मी लिहिलं: मूठ ठोकून आवाज. दुसऱ्यात लिहिलं: नापास. तिसरा रिकामा ठेवला, तर तक्ता सेव्ह होईना. लाल चौकोन येऊन उभा राहायचा. तीन वेळा आला. शेवटी मी तिथे लिहिलं: दीवान सिंह. तक्त्याने ते निमूट घेतलं. केदार मागून वाचत होता. "हे कोण?" त्याने विचारलं. मी म्हटलं, सांगेन, आधी पुरवठादाराला पाठव. पाठवल्यावर सांगितलं. तो त्या दिवशी परत यार म्हणाला नाही.

चार दिवसांनी पुरवठादाराचा माणूस माझ्या फोनवर. आवाजात तक्रार होती, पण अदबही होती. "मैडम, रिपोर्ट मिल गई. एक बात पूछनी थी. ये दीवान सिंह कौन सा स्टैंडर्ड है? हमने सब जगह देख लिया, किसी लिस्ट में नहीं है."

"पुराना है," मी म्हटलं. "लिस्ट में होना चाहिए था. मुझसे छूट गया."